अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर : एका विश्वस्तपणाची वाटचाल

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. या दोहोंच्या मधले, बोरीकाठचे अमळनेर वारकऱ्यांना सखाराम महाराजांचे गाव म्हणून फार आधीपासून ठाऊक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीमंत प्रताप शेठ यांच्या कापड गिरणीने ते कामगारांचेही गाव केले आणि १९१६ मध्ये याच शेठजींनी इथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले.

धनिकाने घाट बांधावा, धर्मशाळा उभारावी, अन्नछत्र चालवावे, ही आपल्याकडची रूढ वाट. विचार करणाऱ्या माणसांना चरितार्थाची चिंता न ठेवता वेदान्ताचा अभ्यास करता यावा म्हणून कापूसपट्ट्यातल्या तालुक्याच्या गावी संस्था काढणे ही त्या काळी विलक्षण गोष्ट होती. घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती असे अभ्यासक परप्रांतांतून इथे येऊन राहिले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ हा ग्रंथ १९३० मध्ये निघाला तो याच संस्थेतर्फे. भारतीय तत्त्वज्ञानाचा अभ्यासक जगात कुठेही असो, त्या ग्रंथाच्या प्रकाशनस्थळी त्याला अमळनेर हे नाव वाचावे लागते. १९२५ पासून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टरली’ हे इंग्रजी त्रैमासिकही इथून निघू लागले.

१९२३ मध्ये पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण तत्त्वज्ञानाच्या पुढच्या अभ्यासासाठी इथे आला. त्याचे मन मात्र पोरांत रमले. पुढच्याच वर्षी तो प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला. छात्रालयात मुलांचे कपडे धुणारे, त्यांच्या खोल्या आवरणारे आणि रोज हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढणारे साने गुरुजी महाराष्ट्राला मिळाले ते या गावात. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले.

धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि गुरुजींनी ती टिपून घेतली. ऐकणाऱ्यांत धनिक व्यापारी जमनालाल बजाज होते. विश्वस्तपणाबद्दल गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की, गीतेतल्या अपरिग्रहाचा अर्थ त्यांना विलायतेत केलेल्या कायद्याच्या अभ्यासातून, स्नेलच्या ‘इक्विटी’च्या पुस्तकातून उलगडला : विश्वस्ताच्या ताब्यात कोट्यवधी असले तरी त्यातली एक पैही त्याची नसते. धनिकाने विश्वस्त व्हावे असे लिहिताना आपल्यासमोर मुख्यतः जमनालाल असत, असेही त्यांनी जमनालालजींच्या निधनानंतर सांगितले. गीता, कायदा आणि पैसेवाला माणूस ही तिन्ही सूत्रे त्या उन्हाळ्यात धुळ्याच्या भिंतींआड एकत्र आली होती, हे खानदेशाने विसरू नये.

पण धनिकाच्या सद्भावनेवर विश्वस्तपण कुठवर उभे राहील? १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. विश्वस्ताने मालमत्तेतून स्वतःचा फायदा करून घ्यायचा नाही, चोख हिशेब ठेवायचा. आणि लाभार्थीला न्यासपत्र व हिशेब पाहण्याचा, त्यांच्या नकला घेण्याचा हक्क. हा शेवटचा हक्क मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तो काढून टाकला तर विश्वस्त आणि मालक यांत फरक उरतो तो फक्त स्वभावाचा.

राजकारणात या शब्दाचा गैरवापर झाला तो इथेच. आपण हिंदुस्थानचे विश्वस्त आहोत असे इंग्रज राज्यकर्ते म्हणत, पण हिशेब मागणाऱ्याला धुळ्याच्या किंवा येरवड्याच्या तुरुंगात पाठवत. संयुक्त राष्ट्रांनी ११ प्रदेश विश्वस्त व्यवस्थेखाली घेतले; त्यांतला शेवटचा पलाऊ १९९४ मध्ये स्वतंत्र झाला. तिथे निदान पालकत्व संपवण्याचे बंधन लेखी होते आणि प्रदेशातल्या लोकांना आपली गाऱ्हाणी थेट विश्वस्त परिषदेपुढे मांडता येत. खानदेशातही अशी मागणी खालून पुढे आली. डिसेंबर १९३६ मध्ये इथल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. गांधीजी तिथे हजर होते, आणि सारा, खंड, कर्ज यांत सूट मागणारा शेतीचा कार्यक्रम तिथेच मंजूर झाला. जमीनदाराने मन मोठे करावे म्हणून वाट न पाहता कुळाने मागणी मांडली. पुढे साने गुरुजीही शेतकरी-कामगारांच्या बाजूने उभे राहिले ते याच वाटेने. गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेचा जो मसुदा १९५२ मध्ये ‘हरिजन’मध्ये छापून आला, त्यानेही संपत्तीच्या मालकीवर आणि वापरावर कायद्याचे नियंत्रण मान्य केले होते. हे कलम भाषणांत फार क्वचित ऐकू येते.

मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मध्ये आला आणि देवस्थाने, शाळा, वाचनालये, संशोधन संस्था धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत आल्या. धर्मादाय कार्यालयात ज्याला सगळे ‘शेड्यूल वन’ म्हणतात त्या उताऱ्यावर संस्थेचे नाव, विश्वस्तांची नावे, विश्वस्तपदाच्या वारसाची पद्धत, उद्देश, जंगम मालमत्ता, सर्व्हे नंबरासह स्थावर मालमत्ता असे रकाने असतात. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, दरवर्षी ऑडिट सादर करावे लागते, आणि आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय जागा विकता येत नाही. खानदेशातल्या कित्येक संस्थांची भांडणे वारसाच्या त्या एका रकान्यात सुरू होतात. संस्थापकाचा मुलगा की सभासदांची निवड, हे संस्थेच्या घटनेत नीट लिहिलेले नसले की दोन गट दोन चेंज रिपोर्ट घेऊन उभे राहतात आणि वाचनालयाला कुलूप लागते.

तत्त्वज्ञान मंदिरावरही पडता काळ आला. १९६६ मध्ये त्रैमासिक बंद पडले. १९७३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने सुरेंद्र बारलिंगे यांच्या पुढाकाराने, अमळनेरच्या प्रताप तत्त्वज्ञान केंद्राचे नाव सोबत ठेवून, ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टरली’ या नावाने ते नव्या मालिकेत सुरू केले. शेठजींच्या घराण्याबाहेरच्या, गावाबाहेरच्या माणसांनी मूळ उद्देश ओळखून काम उचलले. माझ्या मते संस्थेच्या इतिहासातला हा सर्वांत उजळ प्रसंग आहे. गिरणीचा भोंगा पुढे थांबला, पण शेठजींच्या नावाची ही ओळ अंकांवर छापली जात राहिली.

याच गावात डिसेंबर १९४५ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने विप्रो सुरू झाली. २०१९ मध्ये अझीम प्रेमजींनी विप्रोच्या सुमारे ६७ टक्के मालकीचा आर्थिक लाभ शिक्षण आणि समाजकार्यासाठी बांधून दिला, आणि त्यामागे गांधीजींच्या विश्वस्त विचाराचा प्रभाव असल्याचे सांगितले.

सरकारही विश्वस्तच आहे. बियास नदीच्या प्रकरणात, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये सांगितले की नदी, किनारा, जंगल ही जनतेची ठेव आहे, सरकार तिचे राखणदार. गिरणा आणि तापीच्या पात्रांतून रात्री वाळू उपसणारे डंपर पाहिलेल्या जळगावकराला या निकालाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला झाले. त्याआधीचे तिथले संमेलन १९५२ मधले. तत्त्वज्ञान मंदिराचे लाभार्थी कोण, याचे उत्तर मला त्या गर्दीत दिसते : चोपड्याची, शिरपूरची, साक्रीची वाचणारी मुलेमुली. त्रैमासिकाचे १९२५ ते १९६६ चे सगळे अंक त्यांना आपल्या कॉलेजात बसून, मोबाइलवर, फुकट वाचता यावेत. एक लाभार्थी म्हणून संस्थेच्या विश्वस्तांकडे आणि जळगावच्या विद्यापीठाकडे माझी ही मागणी आहे.