कपाळावरची रेघ आणि चेहऱ्यावरचे तेज

मराठी माणूस 'नशीब' म्हणतो आणि हिंदी माणूस 'किस्मत'. आमच्या धूलकोटच्या परिसरात हे दोन्ही शब्द एकाच तोंडून, एकाच वाक्यात ऐकू येतात. गंमत अशी, की दोन्ही शब्द मूळचे अरबी आणि दोहोंचा मूळ अर्थही एकच : वाटा, हिस्सा. भावाभावांच्या वाटणीत कोणाला काळी जमीन येते, कोणाला मुरमाड. वाटा आपल्या हातात नसतो, हे खरे. पण त्या वाट्यात काय पिकवायचे, हे कोणाच्या हातात असते? हा प्रश्न फार जुना आहे आणि तो केवळ आपल्यालाच पडलेला नाही.

आपल्याकडे सामुद्रिक शास्त्र आहे. तळहात, पाऊल, कपाळ, नाक, डोळे यांवरून ते भविष्य सांगते. चीनमध्येही मुखलक्षणे पाहण्याची विद्या दोन हजार वर्षांहून जुनी आहे. पण त्याच देशात इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात शुनत्झु नावाच्या विचारवंताने या विद्येविरुद्ध एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. माणूस उंच आहे की बुटका, रूपवान आहे की कुरूप, यावरून त्याचे भले-बुरे ठरत नाही. त्याचे मन कोणत्या वाटेने जाते ते पाहा, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. पुढे मुखलक्षण पाहणाऱ्यांनीही हे एका परीने मान्य केले. चेहरा मनातून घडतो, मन बदलले की लक्षण बदलते, असे ते सांगू लागले.

याच देशातील युआन ल्याओफान याची हकिगत मोठी बोधप्रद आहे. जन्म 1533 चा. तरुणपणी त्याला खुंग नावाचा एक वृद्ध ज्योतिषी भेटला. कोणत्या परीक्षेत कितवा क्रमांक येईल हे त्याने आधीच सांगितले आणि ते तंतोतंत खरे ठरले. पुढे किरकोळ अधिकारपद, पुत्र नाही आणि त्रेपन्नाव्या वर्षी मृत्यू, असेही त्याने सांगून ठेवले होते. सगळे ठरलेलेच आहे तर धडपड कशाला, असे म्हणून युआन स्वस्थ बसला.

1569 मध्ये तो नानजिंगजवळच्या डोंगरात युनगू या बौद्ध भिक्षूला भेटला. तीन दिवस तीन रात्री दोघे समोरासमोर ध्यानाला बसले. याच्या मनात एकही विचार उठत नाही, हे पाहून भिक्षूला नवल वाटले. तेव्हा युआनने आपली भविष्यकथा सांगितली. भिक्षू हसला आणि म्हणाला, मी तुला थोर समजत होतो, तू तर सामान्यच निघालास! मग त्याने विचारले, वरचे पद आणि पुत्र यांना तू पात्र आहेस, असे तुला वाटते का? युआनने विचार केला आणि स्वतःचे दोष मोजले : उतावळेपणा, राग, बडबड, मद्यपान, रात्री उगाच जागणे. भिक्षूने त्याला एक वही दिली. रोजचे सत्कृत्य जमेला मांडायचे, दोष नावे टाकायचा. आपल्या व्यापाऱ्याच्या कीर्दीसारखेच हे. त्याच्या बायकोला लिहिता येत नव्हते. ती हंसाच्या पिसाच्या नळीने पंचांगावर लाल ठिपका उमटवी.

1581 मध्ये त्याला मुलगा झाला. मृत्यूचे सांगितलेले वर्ष उलटल्यावर, 1586 मध्ये, तो सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला. बाओदी येथे अधिकारी असताना त्याने शेतसारा कमी केला. 1606 मध्ये, चिनी गणनेप्रमाणे चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तो वारला. ही कथा त्याने स्वतःच मुलासाठी लिहिली, तेव्हा तिच्यातील चमत्काराचा भाग ज्याने त्याने पारखून घ्यावा. दोष मोजून ते रोज कमी करण्याची चिकाटी मात्र निर्विवाद आहे.

वाचकहो, एवढ्या दूर जायचेही कारण नाही. आपल्याच निमाडात, महेश्वरला, याहून मोठे उदाहरण आहे.

अहिल्याबाईंचा जन्म 1725 चा, पूर्वीच्या नगर जिल्ह्यातील चौंडीचा. पती खंडेराव 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पडले. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवले आणि दौलतीच्या कामात घातले. 1766 मध्ये मल्हारराव गेले, 1767 मध्ये मुलगा मालेराव गेला. 1791 मध्ये जावई वारले आणि मुलगी मुक्ताबाई आईच्या डोळ्यांदेखत सती गेली. अशा बाईला आपल्या गावात काय म्हणतात, ते वाचकांना ठाऊक आहे. पांढऱ्या पायाची! तिला हळदीकुंकवाला कोणी बोलावले नसते.

पण या बाईंनी केले काय? राघोबादादा दौलतीवर चालून आले, तेव्हा त्या डगमगल्या नाहीत. तुकोजी होळकरांकडे फौज सोपवून त्यांनी महेश्वरहून अठ्ठावीस वर्षे कारभार केला. दुपारी दोनला दरबार, तो सहापर्यंत. पूजा आणि साधे जेवण झाल्यावर रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज. काशी, गया, सोमनाथ येथील देवालयांना त्यांनी लावलेला पैसा खासगीचा होता.

त्यांच्या दिनक्रमाची ही नोंद जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याची आहे. 1819 च्या एप्रिलमध्ये आपल्या बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड इंग्रजांनी घेतला, त्या वेढ्यात हाच माल्कम होता. मध्य हिंदुस्थानावरील त्याचा ग्रंथ 1823 मध्ये निघाला. बाईंना पाहिलेल्या माणसांकडून त्याने त्यात माहिती गोळा केली आहे. त्यात एक आख्यायिका येते. राघोबांची पत्नी आनंदीबाई रूपासाठी प्रसिद्ध. अहिल्याबाईंची कीर्ती ऐकून त्यांनी आपली एक दासी त्यांना पाहायला पाठवली. परत येऊन दासीने सांगितले, की बाईंचे नाकडोळे काही सुंदर नाहीत, पण मुखावर दैवी तेज आहे. आनंदीबाईंनी एवढेच ऐकले, की त्या सुंदर नाहीत, आणि त्यातच समाधान मानले.

आख्यायिका खरी असो वा नसो, त्या दासीने मुखलक्षणाचे सारे शास्त्र दोन वाक्यांत सांगितले. नाकडोळे हा वाटा. तेज ही कमाई.

आजही आपण पत्रिका पाहतोच. 2008 मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोनशे मुलांच्या पत्रिका जमवून कोणती कोणाची हे ज्योतिषांना ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे दिली. बरोबर उत्तरे निम्म्याहून किंचित कमीच निघाली. नाणे उडवले असते तरी तेवढेच साधले असते.

शाळेच्या कचेरीत दरवर्षी कोणीतरी पालक येतो आणि म्हणतो, गुरुजी, पोरीच्या नशिबात शिक्षण नाही, दहावीनंतर बंद करतो. पोर समोरच उभी असते. कधी तिला गणितात चांगले गुण असतात. नशिबात नाही, असे म्हणताना आपण खरे तर बसचे भाडे नाही, वसतिगृहाची सोय माहीत नाही किंवा लोक काय म्हणतील, हेच सांगत असतो. यांपैकी एकही गोष्ट ब्रह्मदेवाने लिहिलेली नाही. भाड्याची तजवीज होते, वसतिगृहाचा अर्ज भरता येतो आणि लोक चार दिवसांनी दुसरे काही बोलू लागतात. सुनेच्या हाती दौलतीचे कागद देताना मल्हाररावांनी तिच्या कपाळावरची रेघ वाचत बसण्यात वेळ घालवला नाही. मुलींच्या हाती वही देताना आपणही घालवू नये, एवढेच या दिवाळीला मागणे.