स्वामित्वाविना कर्तृत्व : जॉर्ज रोमेरोचे भयपट

रोलां बार्थने १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. त्याच वर्षी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे जॉर्ज रोमेरो (१९४०–२०१७) हा जाहिरातपटांचा दिग्दर्शक सहकाऱ्यांसह एका अल्पखर्ची भयपटाचे चित्रीकरण करीत होता. कर्त्याचा आपल्या कृतीवरील अधिकार सुटणे म्हणजे काय, याचा व्यावहारिक प्रत्यय या चित्रपटाने दिला.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) सुमारे १ लाख १४ हजार डॉलरांत तयार झाला. वितरकाने त्याचे मूळ शीर्षक बदलले आणि त्या बदलात स्वामित्वहक्काची नोंद गळाली. तत्कालीन अमेरिकन कायद्यानुसार अशी कृती सार्वजनिक ठरे. चित्रपट कोणीही दाखवावा, कोणीही विकावा, अशी स्थिती झाली. त्याचा प्रसार अफाट झाला. कर्त्यांच्या पदरी मात्र त्या उत्पन्नातील अल्पांशच पडला.

या प्रसाराबरोबर एक नवा संकेतव्यूहही रूढ झाला. पूर्वीचा पडद्यावरील झॉम्बी हा हैतीच्या लोकसमजुतींतून आलेला, मांत्रिकाच्या आज्ञेत राबणारा दास होता. रिचर्ड मॅथेसनच्या 'आय ॲम लेजंड' (१९५४) या कादंबरीपासून प्रेरणा घेणाऱ्या रोमेरोच्या कथेत हा धनी उरत नाही. मृत आपोआप उठतात, जिवंतांना खातात आणि मेंदूवर आघात झाला तरच थांबतात. 'झॉम्बी' हा शब्द चित्रपटात येत नाही. ते नाव त्यांना मागाहून चिकटले.

अर्थाच्या बाबतीतही असेच घडले. नायकाच्या भूमिकेसाठी ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाची निवड केवळ अभिनयगुणांवर झाली, असे रोमेरो सांगत असे. परंतु अखेरीस शोधपथक नायकालाच मृतांपैकी एक समजून गोळी घालते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर काही महिन्यांतच प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात प्रेक्षकांनी वर्णविद्वेषाचा इतिहास वाचला, आणि तो वाचण्यास संहितेत आधारही होता.

मग कर्तृत्व उरते कोठे? 'डॉन ऑफ द डेड'मध्ये (१९७८) हेच मृत सवयीने बाजारसंकुलात परततात. 'डे ऑफ द डेड'मध्ये (१९८५) भूमिगत तळावरील सैनिक आणि शास्त्रज्ञ एकमेकांचा घात करतात. संकेत सर्वांचा झाला, तरी त्याला कोणता प्रश्न विचारायचा, हे रोमेरोच्या हाती राहिले.

मात्र या मुक्ततेची किंमत त्यानेच मोजली. 'मार्टिन' किंवा 'नाइटरायडर्स' (१९८१) यांसारखे त्याचे वेगळे चित्रपट मृतांच्या छायेतच राहिले आणि २००९ सालचा त्याचा अखेरचा चित्रपटही मृतांचाच होता. लेखकाच्या मृत्यूने वाचक जन्मतो हे खरे. पण लेखकाला जगावे लागते, या गोष्टीचा हिशेब सिद्धान्ताने अद्याप पुरता मांडलेला नाही.