शुद्ध साबणाचा आम्लधर्मी धूर

१/ पर्यावरणाला न दुखावणारा हातांचा साबण निवडताना आपण वेष्टनावरील घटकांची यादी वाचतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी साबणाच्या वडीवर अशी यादी असती, तर तीत वावगे काहीच दिसले नसते: तेल, चरबी, सोडा. तरीही त्या सोड्यापायी झाडे वाळली, पिके करपली. हे कसे घडले, त्याविषयीचा हा धागा.

२/ तेल वा चरबी आणि क्षार यांच्या संयोगातून साबण होतो. कठीण वडीसाठी सोडा लागतो. पूर्वी तो राखेतून मिळे: स्पेनच्या किनाऱ्यावरील खाऱ्या जमिनीतील झुडपांच्या, स्कॉटलंडमध्ये समुद्रशेवाळाच्या. काच आणि कापडाच्या उद्योगांनाही तोच हवा असल्याने राख अपुरी पडू लागली.

३/ फ्रेंच वैद्य निकोला लब्लाँ याने मिठापासून सोडा काढण्याची कृती शोधली आणि १७९१ मध्ये तिचे पेटंट मिळवले. मीठ गंधकाम्लासह तापवायचे, त्यातून आलेला पदार्थ चुनखडी व कोळशाबरोबर भाजायचा आणि शेवटी पाण्याने सोडा वेगळा करायचा.

४/ पहिल्याच टप्प्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे व धुराड्यातून थेट हवेत जाई. अखेरीस उरलेल्या गंधकयुक्त गाळाचे ढीग कारखान्याभोवती साचत आणि त्यांना कुजक्या अंड्यांसारखा दर्प येई.

५/ लिव्हरपूल, सेंट हेलन्स, विडनेस या परिसरात असे कारखाने वाढले. शेजाऱ्यांनी दावे लावले, तेव्हा मालकांनी धुराडी उंच केली. त्रास टळला नाही, दूरवर पसरला एवढेच.

६/ १८३६ मध्ये विल्यम गॉसेज याने उपाय काढला. मनोऱ्यातून वायू वर चढवायचा आणि वरून पाणी झिरपवायचे. वायू पाण्यात विरघळून जाई. मात्र ते आम्लयुक्त पाणी पुष्कळदा ओढ्यांत सोडले जाई. हाच गॉसेज पुढे विडनेसमध्ये साबणाचा मोठा कारखानदार झाला.

७/ उपाय हाताशी असूनही तो सर्वांवर बंधनकारक व्हायला १८६३ उजाडले. त्या वर्षीच्या अल्कली कायद्याने ९५ टक्के वायू रोखणे सक्तीचे केले. तपासणीचे काम रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनज्ञाकडे आले. ‘आम्लवर्षा’ ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय त्यालाच दिले जाते.

८/ पुढे अर्न्स्ट सॉल्व्हे याच्या अमोनिया पद्धतीने लब्लाँची कृती मागे टाकली. तिच्यात आम्लवायू नव्हता, गंधकाचा गाळही नव्हता. कॅल्शियम क्लोराइडचे सांडपाणी मात्र उरलेच.

९/ लंडनच्या ग्राहकाला हातातल्या वडीवरून सेंट हेलन्सची वाळलेली झाडे दिसणे शक्य नव्हते. दोन साबणांतून त्याने कितीही विचारपूर्वक एक निवडला असता, तरी धूर थांबला नसता. तो रोखला कारखान्यात शिरून मोजमाप घेण्याचा अधिकार असलेल्या निरीक्षकाने. आज साबणातल्या पामतेलासाठी कोणते जंगल तुटले, हेही केवळ घटकांच्या यादीवरून कळत नाही. (समाप्त)