ताम्रपट, चिंच आणि लेप

ताम्रपट सांपडल्याची वार्ता आली कीं संशोधकाला आनंद होतो, पण त्याबरोबर एक धास्तीही वाटते. पट ज्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या आहे ते गृहस्थ, कोणी पाहावयास येणार म्हणून, आदल्या दिवशीं तो चिंचेनें घांसून ठेवतात. प्रस्तुत लेखकास असा एक पट पाहावयास मिळाला. त्याची कडी फार पूर्वीं कापलेली असून तिन्ही पत्रे सुटे होते. दर दसऱ्यास शस्त्रांबरोबर त्यांचीही पूजा व्हावयाची व तत्पूर्वीं चिंच आणि राख लावून ते उजळावयाचे, असा त्या घरचा परिपाठ. पत्रे आरशासारखे लखलखत होते. परंतु दुसऱ्या पत्र्यावर जेथें दान दिलेल्या गांवाचें नांव यावयाचें, तेथें अक्षरांच्या जागीं उथळ खुणा तेवढ्या उरल्या होत्या. यांत घरधन्याला दोष देण्याचें कारण नाहीं. हंडा-कळशी ज्या रीतीनें उजळतात त्याच रीतीनें त्यानें पूर्वजांची सनद श्रद्धेनें उजळली.

चिंचेंतील आम्ल नितळ तांब्याला एकाएकी फारसें खात नाहीं. तांब्यावर चढलेला काळसर-तांबूस थर मात्र तें झपाट्यानें विरघळवितें. हा थर म्हणजे मळ, अशी समजूत आहे. वास्तविक तो धातूचा स्वतःचाच लेप होय. जमिनींत पुरलेल्या तांब्याचा मूळ पृष्ठभाग, म्हणजे टांकीची धार जेथें लागली ती पातळी, पुष्कळदां या तांबूस थरांतच शिल्लक असते. थर गेला कीं ती पातळी गेली. मग राखेचें घर्षण उरलेलें काम करतें. पट कोरणारांना घर्षणाची जाणीव होती, हें पत्र्यांच्या किंचित उंचावलेल्या कडांवरून दिसतें. पत्रे एकावर एक बसले तरी अक्षरें घांसूं नयेत म्हणून ती योजना. चिंचेची कल्पना त्यांनीं केली नसावी.

धातूवर परका लेप चढवून आम्लापासून तिचा बचाव करण्याची युक्ति आपल्याकडे घरोघर आहे. ती म्हणजे कल्हई. तांब्याच्या भांड्यांत ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते, हें सांगावयास रसायनशास्त्री नको. अरबी भाषेंत ‘कलई’ म्हणजे कथील. शब्द तिकडून आला. अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरींत बादशहाच्या मुदपाकखान्यांतील तांब्याच्या भांड्यांना महिन्यांतून दोनदां, व शहाजादे आणि जनानखाना यांच्याकडील भांड्यांना एकदां कल्हई होत असे, अशी नोंद आहे. इतक्या वरचेवर होणारा हा खर्च केवळ चकाकीसाठीं असेल असें वाटत नाहीं. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, कथलाच्या लेपानें तांब्याच्या भांड्यांतील जंगालाचें विष आटोक्यांत राहतें व चव सुधारते, असें लिहून ठेवलें आहे.

कल्हईची कृति मोठी मौजेची आहे. भांडें तापवून त्यावर नवसागर टाकतात. नवसागर उष्णतेनें फुटून त्यांतून एक तीव्र आम्ल निघतें व तें तांब्यावरील थर खाऊन टाकतें. मग २३२ अंशांवर वितळणारें कथील कापसाच्या बोळ्यानें फिरविलें कीं तें नितळ तांब्याला बिलगतें. म्हणजे आम्लाविरुद्ध उभारावयाच्या तटाचा पायाही आम्लानेंच साफ करावयाचा! मात्र कथलांत शिसें मिसळलें असेल तर आंबट पदार्थांत तें उतरतें, व भांड्याच्या रक्षणासाठीं केलेला लेप खाणाराच्या जिवावर येतो. रसरत्नसमुच्चयकारानें वंगाचे खुरक व मिश्रक असे दोन भेद सांगून खुरकास श्रेष्ठ ठरविलें आहे, त्याचें महत्त्व येथें कळतें.

लोखंडाची गोष्ट निराळी. त्यास सफेता, जिप्सम किंवा पातळ डांबर फांसावें, म्हणजे गंज चढत नाहीं, हेंही प्लिनी सांगतो. आपल्याकडे किल्ल्यांवरील तोफांना तेल-शेंदूर माखलेला पुष्कळ ठिकाणीं दिसतो. हेतु पूजेचा असला तरी परिणाम रंगाचाच होतो. शेंदूर म्हणजे शिशाचें भस्म; जवसाच्या तेलांत खलून लोखंडावर दिल्यास तेलांतील आम्लाशीं त्याचा एक प्रकारचा साबण बनतो व तो गंजास अटकाव करतो. एकोणिसाव्या शतकापासून पोलादी पुलांना व जहाजांना पहिला हात बहुधा याचाच देत. पुढें त्याचें विषारीपण ध्यानांत आल्यावर तो मागें पडला. पण जो शेंदूर पावसाला दाद देत नाहीं तो तेजाबापुढें टिकत नाहीं. शोऱ्याचा तेजाब पडतांच त्यांतील बरेंचसें शिसें विरघळून जातें व मागें तपकिरी भुकटी राहते. शिवाय तोफेचा खरा शत्रु तिच्या पोटांत असतो. दारूची राख ओल धरते व आंतून नळी खाते. बाहेरून कितीही शेंदूर माखला तरी तेथें तो पोहोंचत नाहीं.

तेजाबाला पुरून उरणारे लेप म्हणजे मेण, राळ व डांबर. युरोपांत इसवी सन १५०० च्या सुमारास ऑग्सबुर्ग येथील डॅनियल होप्फर यानें चिलखतावर नक्षी काढण्याची ही विद्या चित्रें छापण्याकडे वळविली. पत्र्यावर लेप द्यावयाचा, सुईनें रेघ उघडी करावयाची, व पत्रा तेजाबांत सोडावयाचा. रेघ तेवढी खाल्ली जाते. (१८०५ सालीं मिरजेस छापलेल्या भगवद्गीतेचे पत्रे मात्र हातानें कोरलेले, त्यांत तेजाबाचें काम नाहीं.) लेपांत सुईच्या अग्राएवढें छिद्र राहिलें तरी तेजाब तेथून शिरून लेपाखालीं पसरतो, हें या कारागिरांना रोजच्या अनुभवानें माहीत होतें.

हीच गोष्ट संग्राहकांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. खाडीकांठच्या किंवा खारट जमिनींतून निघालेल्या तांब्याच्या पोटांत क्षार असतात. ओल मिळतांच त्यांतून मिठाचा तेजाब उत्पन्न होतो, तांबें खातो आणि पुनः उत्पन्न होतो. फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके ही त्याची खूण. अशा पटावर रोगण चढविणें म्हणजे चोराला घरांत ठेवून बाहेरून कडी लावणें होय. आधीं क्षार काढले पाहिजेत. हें काम वस्तुसंग्रहालयांच्या रसायनशाळांचें आहे. बर्लिनची अशी शाळा १८८८ सालीं निघाली, मद्रासची १९३० सालीं. १९६० नंतर बेन्झोट्रायाझोल नांवाचें द्रव्य व तें मिसळलेलें ‘इंक्रालॅक’ रोगण प्रचारांत आलें. तेंही उघड्यावर कांहीं वर्षांनीं उतरवून पुनः द्यावें लागतें.

आणखी एक. दप्तरासाठीं लोखंडी कपाट घेऊन त्यास नवा तेली रंग देण्याची पुष्कळांना हौस असते. तेली रंग वाळतांना त्यांतून आम्लाच्या वाफा निघतात. कपाटाचें लोखंड सुरक्षित राहतें, पण आंतले कागद व शिशाचे शिक्के त्या वाफा सोसतात. रंगाचा वास पुरता जाईपर्यंत, निदान कांहीं आठवडे, कपाट उघडें व रिकामें ठेवावें.

वर सांगितलेल्या पटाचे, तिरपा उजेड पाडून, निरनिराळ्या बाजूंनीं फोटो घेतले. गांवाच्या नांवाचीं पहिलीं दोन अक्षरें लागलीं. तिसरें लागलें नाहीं. घरधन्यांनीं यंदाच्या दसऱ्यास पटावर नुसतें फूल वाहिलें, असें त्यांचें पत्र आलें आहे.