उत्तर ध्रुवाकडची छायाचित्रे आणि त्यांतील हरवलेली नावे

ओटावा येथील कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात देशाच्या अतिउत्तर भागाची हजारो जुनी छायाचित्रे आहेत. कुठे स्त्रिया सीलची कातडी खरवडत आहेत, कुठे पुरुष कुत्र्यांना घसरगाडीला जुंपत आहेत, कुठे वर्षातून एकदाच येणाऱ्या जहाजातला माल किनाऱ्यावर उतरवला जातो आहे. छायाचित्रकाराचे नाव बहुतेक ठिकाणी नोंदलेले असते. स्थळ आणि वर्षही असते. छायाचित्रात जी माणसे आहेत त्यांच्याविषयी मात्र 'एस्किमो स्त्री', 'स्थानिक नमुना' असे दोन शब्द, किंवा तेही नाहीत. ती नावे नोंदीतून कशी गळाली आणि अर्धशतकानंतर त्यांतील पुष्कळशी परत कशी मिळाली, याचा हा इतिहास.

'एस्किमो' हे बाहेरच्यांनी दिलेले नाव. हे लोक स्वतःला 'इनुइट' म्हणवतात. त्याचा अर्थ केवळ 'माणसे', आणि एकवचन 'इनुक'. त्यांचा नुनावुत हा प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजी वेगळा झाला. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सहा पटींहून अधिक, आणि लोकसंख्या साधारण ४० हजार. देशाच्या दक्षिण भागातून तिथे जाणारा रस्ता आजही नाही. विमानाने जावे लागते, किंवा उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर जहाजाने.

या छायाचित्रांत सर्वाधिक दिसते ते काम, आणि त्यातही स्त्रियांचे काम. 'उलू' ही अर्धचंद्राकार पात्याची सुरी त्यांच्या हातात वारंवार दिसते. तिने मांस कापायचे, चरबी सोलायची, कातडे बेतायचे. बुटांसाठी सीलचे कातडे, तळव्याला दाढीवाल्या सीलचे अधिक जाड. कडक झालेले कातडे दातांनी चावून मऊ करायचे आणि कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रानटी रेनडियरच्या, स्नायूंपासून काढलेल्या दोऱ्याने शिवायचे. पाणी आत येऊ नये म्हणून टाका घालताना सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही. अर्ध्या जाडीतूनच ती फिरवायची. ओला झाला की दोरा फुगतो आणि उरलीसुरली फट बुजते. हिवाळी पोशाख कॅरिबूच्या कातड्याचा आणि दुहेरी असे. आतल्या थराचे केस अंगाकडे, बाहेरच्या थराचे बाहेर. एवढ्या थंडीत शिवण उसवली तर शिकारी गोठून मरू शकतो. त्यामुळे शिकार पुरुषांची आणि शिवणकाम घरातले, अशी बाहेरच्यांनी केलेली विभागणी दिशाभूल करणारी आहे. सुईचे काम नीट झाले नाही तर शिकारीला निघणेच शक्य नव्हते.

घरात 'कुल्लिक' नावाचा दगडी दिवा असे. सीलचे तेल, रानकापूस आणि शेवाळाची वात. उजेड त्याचाच, बर्फ वितळवून मिळणारे पाणी त्याच्यावरचे, ओले कपडे वाळत ते त्याच्याच वर. ज्योत एकसारखी राहावी म्हणून तिच्याकडे सतत लक्ष द्यावे लागे, आणि ते काम घरातील स्त्रीकडे असे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जीवनात पांढऱ्या कोल्ह्याने उलथापालथ केली. पूर्वी इनुइटांच्या लेखी त्याला फारशी किंमत नव्हती. हडसन्स बे कंपनीची व्यापारी ठाणी किनाऱ्यावर वाढत गेली तशी त्याच्या कातड्याच्या बदल्यात बंदूक, काडतुसे, चहा, पीठ, तंबाखू मिळू लागले. शिकारी सापळे लावू लागले, ठाण्याचे देणेकरी झाले, आणि लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारातील चढउतार बर्फावरच्या घरापर्यंत पोचू लागले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस कोल्ह्याचे भाव कोसळले.

याच सुमारास रिचर्ड हॅरिंग्टन हा जर्मनीत जन्मलेला छायाचित्रकार कुत्र्यांच्या गाडीतून या भागात फिरत होता. १९४८ ते १९५३ या काळात त्याने असे अनेक प्रवास केले. १९५० च्या हिवाळ्यात तो हडसन उपसागराच्या पश्चिमेला पॅडलेई भागात पोचला, तेव्हा तिथे दुष्काळ होता. समुद्रापासून दूर राहणाऱ्या तिथल्या लोकांची सारी भिस्त कॅरिबूवर, आणि कळप नेहमीच्या वाटेने आले नव्हते. त्याने काढलेली उपाशी माणसांची छायाचित्रे पुढे जगभर गाजली. त्यांत करुणा आहे, छायाचित्रकाराचा प्रामाणिकपणाही आहे. पण 'भुकेलेली एस्किमो आई' म्हणून वाचक हळहळले, ती कोणाची कोण हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता.

सरकारला मात्र या माणसांची मोजदाद हवी होती. इनुइटांना आडनाव नसे. एकेकाला अनेक नावे असत आणि प्रत्येक अधिकारी ती आपल्या कानाप्रमाणे लिही. १९४१ पासून यावर उपाय म्हणून प्रत्येकाला क्रमांक कोरलेली छोटी गोल चकती देण्यात आली. गळ्यात दोरीने बांधायची. पूर्वेकडच्यांच्या क्रमांकाआधी 'ई', पश्चिमेकडच्यांच्या आधी 'डब्ल्यू'. ज्या शासनाच्या अभिलेखागारात छायाचित्रांखाली नावे नव्हती, त्याच शासनाच्या खातेवहीत तीच माणसे क्रमांकाने हजर होती. या चकत्या जाण्याची सुरुवात १९६८ ते १९७१ दरम्यान झाली. त्या काळात एब ओक्पिक या इनुक नेत्याने गावोगाव फिरून लोकांना आडनावे निवडायला लावली. त्याचा स्वतःचा क्रमांक होता डब्ल्यू३-५५४.

नाव हरवण्याचे परिणाम कागदापुरते राहिले नाहीत. १९५० पासून 'सी. डी. हाऊ' हे सरकारी जहाज क्ष-किरण यंत्र घेऊन किनाऱ्याने फिरू लागले. क्षयाची लागण आढळली की रुग्णाला त्याच जहाजातून दक्षिणेकडच्या रुग्णालयात नेले जाई. कित्येकांना किनाऱ्यावर परतून निरोप घेण्याचीही सवड मिळाली नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यास साधारण दर सातांतील एक इनुक दक्षिणेत उपचार घेत होता. जे तिकडेच वारले त्यांपैकी अनेकांची कबर कुठे, हे घरच्यांना कधी कळवलेच नाही. ८ मार्च २०१९ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी इकालुइट येथे याबद्दल माफी मागितली. अशा कुटुंबाला एखाद्या जुन्या छायाचित्रात आजी ओळखू येणे म्हणजे काय, याची कल्पना या पार्श्वभूमीवरच करता येते.

याच दशकांत कॅमेऱ्याच्या मागे एक इनुकही उभा होता. त्याच्याशिवाय हा इतिहास एकांगी ठरेल. पीटर पिट्सेओलाक (१९०२-१९७३) बॅफिन बेटाच्या दक्षिण टोकाला केप डॉर्सेट, म्हणजे आजच्या किन्गाइट परिसरात राहत असे. त्याने पहिले छायाचित्र १९३० च्या दशकात काढले ते एका गोऱ्या पाहुण्यासाठी. पाहुण्याला ध्रुवीय अस्वलाच्या जवळ जायची भीती वाटत होती! १९४० च्या दशकात त्याने एका मिशनऱ्याकडून स्वतःचा कॅमेरा घेतला. फिल्म धुण्याचे काम तो आणि त्याची पत्नी आग्गेओक इग्लूमध्येच करीत. लाल दिवा म्हणून विजेरीला लाल कापड गुंडाळलेले, आणि भिंगापुढची गाळणी जुन्या गॉगलच्या काचेची. १९४७ च्या जुलैत रसद आणणारे 'नॅस्कोपी' जहाज केप डॉर्सेटजवळ खडकावर आदळले, त्याचीही छायाचित्रे त्याने काढली. जुने पोशाख आणि शिकारीच्या पद्धती मागे पडत आहेत हे ओळखून, नातवंडांना दिसावे म्हणून त्याने ती दृश्ये मुद्दाम मांडून टिपली. हॅरिंग्टन पाहुणा होता. पिट्सेओलाकच्या चित्रांत त्याचेच नातलग आणि शेजारी होते. आपल्या लोकांचा इतिहासही त्याने आपल्याच लिपीत लिहून ठेवला.

अभिलेखागारातील चित्रांना नावे मिळू लागली ती मात्र २००१-०२ पासून. ओटावातील 'नुनावुत सिवुनिक्सावुत' ही इनुइट युवकांना शिक्षण देणारी संस्था, नुनावुतचे शासन आणि राष्ट्रीय अभिलेखागार यांनी मिळून 'प्रोजेक्ट नेमिंग' हाती घेतला. आरंभी हॅरिंग्टनची सुमारे ५०० छायाचित्रे संगणकावर चढवून विद्यार्थ्यांनी ती आपापल्या गावी नेली आणि वृद्धांसमोर ठेवली. पद्धत एवढीच. वृद्ध इनुक्टिटुट भाषेत सांगत आणि तरुण लिहून घेत. चेहरा ओळखू आला नाही तरी पाठीवर मूल बसवायच्या 'अमाउती' या अंगरख्याच्या घाटणीवरून माणूस कोणत्या भागातला, याचा माग लागे. बहुसंख्य माणसे ओळखली गेली. घाई करणेही भाग होते, कारण १९५० च्या आठवणी सांगू शकणारी पिढी दरवर्षी थोडी थोडी कमी होत होती. पुढे उपक्रमात इतर छायाचित्रकारांचे संग्रह आले, आणि २०१५ पासून कॅनडातील इतर मूलनिवासी समाजांची चित्रेही.

एवढी धडपड नावासाठी का, हे इनुइटांच्या नामकरणाच्या रीतीत दडलेले आहे. वारलेल्या व्यक्तीचे नाव नवजात बाळाला दिले जाते, आणि मुलगा की मुलगी हे त्यात पाहिले जात नाही. नावासोबत त्या व्यक्तीचा अंश बाळात येतो, अशी श्रद्धा. नाती त्याप्रमाणेच चालतात. आजीचे नाव मिळालेल्या नातीला तिचाच बाप 'आई' म्हणून हाक मारतो. दक्षिण बॅफिनमध्ये नावाच्या अशा सोबत्याला 'सौनिक' म्हणतात, शब्दशः 'हाड'. त्यामुळे १९५० साली सीलचे कातडे खरवडणाऱ्या एखाद्या बाईचे नाव वृद्धांनी सांगितले, तर ते नाव धारण करणारी एखादी मुलगी बहुधा त्याच गावात आज शाळेत जात असते, आणि आपण जिचे नाव लावतो तिचा चेहरा तिला प्रथमच दिसतो.