कीज, बावीस देश आणि ‘गाळलेले’ पंधरा

तूप खावं की नाही, भात सोडावा की साखर, हा वाद रंगला की कोणीतरी अ‍ॅन्सेल कीज यांची गोष्ट काढतंच. या अमेरिकन शास्त्रज्ञाकडे म्हणे बावीस देशांची आकडेवारी होती. त्यातले सोयीचे सात त्यांनी ठेवले, पंधरा गाळले आणि ‘चरबीमुळे हृदयविकार होतो’ असं जगाला पटवून दिलं. मग लोक चरबी सोडून साखर खाऊ लागले आणि जाड झाले. गोष्ट ऐकायला झकास आहे. अडचण एवढीच, की ती तीन वेगवेगळ्या कामांना एकत्र शिवून तयार झालीये. ते टाके उसवायला फक्त सालं बघावी लागतात.

पहिलं काम १९५३ सालचं. मिनेसोटा विद्यापीठातल्या कीज यांनी एका लेखात एक आलेख छापला. आडव्या अक्षावर आहारातल्या एकूण उष्मांकांपैकी किती टक्के चरबीतून येतात ते, आणि उभ्या अक्षावर पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू. देश होते जपान, इटली, इंग्लंड-वेल्स, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिका. मोजा, सहा आहेत. ठिपके एका वक्ररेषेवर इतके छान बसलेत की शंकाच यावी.

आणि ती आली. १९५७ मध्ये जेकब येरुशाल्मी आणि हर्मन हिलबो यांनी उपलब्ध असलेले बावीस देश घेऊन तोच हिशेब पुन्हा मांडला. बावीसचा आकडा इथला आहे. संबंध बराच सैल पडला, पण पुसला गेला नाही (हे शेवटचं गोष्ट सांगणारे हमखास विसरतात!). मला मात्र त्यांची बाकीची टीका जास्त मोलाची वाटते. देशाच्या आहाराचे हे आकडे म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष काय खाल्लं ते नव्हेच. उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची आणि लोकसंख्येने भागायचं. मृत्यूचं कारण नोंदवायची पद्धतही देशोदेशी वेगळी. शिवाय प्राणिज प्रथिनं घेतली तरी हृदयविकाराशी तसाच घट्ट संबंध दिसतो, मग दोष एकट्या चरबीलाच का द्यायचा? आणि जिथे चरबी जास्त खाल्ली जाते, तिथे हृदयविकार सोडून इतर कारणांनी होणारे मृत्यू कमी आहेत. म्हणजे चरबी हे कारण नसून कदाचित देश सधन असल्याची खूण असेल. सहसंबंध आणि कार्यकारण यांतला फरक शिकायचा असेल तर हा जुना लेख पाठ्यपुस्तकापेक्षा बरा.

‘सात देशांचा अभ्यास’ सुरू झाला १९५८ मध्ये, म्हणजे या टीकेनंतर. तो बावीस ठिपक्यांतून निवडलेल्या सात ठिपक्यांचा नाहीच. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान इथल्या १६ गटांतले ४० ते ५९ वयाचे सुमारे १२,७०० पुरुष प्रत्यक्ष तपासले गेले आणि नंतर वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा झाला. दोष याही अभ्यासात आहेत. देश चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. जिथे ओळखीचे सहकारी आणि सोय होती, तिथे काम झालं. आहाराची बारीक मोजणी प्रत्येक गटातल्या थोड्याच लोकांची झाली. क्रीट बेटावरची एक मोजणी तर ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात आली. टीका करायचीच तर इथे करा, जागा भरपूर आहे.

पण निष्कर्ष काय आला? क्रीटमधले लोक जवळपास ४० टक्के उष्मांक चरबीतून, मुख्यतः ऑलिव्ह तेलातून घेत होते, आणि तिथे हृदयविकार अगदी कमी होता. पूर्व फिनलंडमध्ये लोणी-दूध भरपूर, आणि हृदयविकारही भरपूर. म्हणजे १९५३ चा ‘एकूण चरबी’वाला मुद्दा कीज यांच्याच अभ्यासात टिकला नाही, उरला तो संपृक्त चरबीचा. ‘चरबी कमी, कर्बोदकं जास्त’ हा सल्ला अमेरिकेत सरकारी पातळीवर गाजला तो १९७७ मध्ये, सेनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीच्या अहवालाने. त्यात साखर कमी करा असंही लिहिलं होतं. ते कोणाच्या फारसं लक्षात राहिलं नाही.

आता आपल्याकडचं एक उदाहरण, कारण तुपाची बाजू घेणारे ते हटकून देतात. रेल्वेतले डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी भारतीय रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासून १९६७ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात लेख लिहिला. पंजाबात दुधातुपाची चरबी दक्षिणेपेक्षा कितीतरी जास्त खाल्ली जात होती, तरी हृदयविकाराचे मृत्यू दक्षिणेत सुमारे सातपट! कीजविरोधी मंडळींना हा लेख म्हणजे हुकमाचा एक्का वाटतो. पण हेही गटांचेच आकडे आहेत. पंजाबातला कुठला कर्मचारी किती तूप खात होता आणि वाचला तो तोच का, हे त्यातून कळत नाही. कर्बोदकं निर्दोष की दोषी, हेही नाही. खुद्द मल्होत्रांनी श्रेय एकट्या तुपाला दिलं नव्हतं. आंबवलेले दुधाचे पदार्थ आणि जेवण नीट चावून खाणं यांचाही विचार त्यांनी केला होता. कीज यांच्या सहा ठिपक्यांवर घेतलेले आक्षेप या लेखावरही लावून बघा, बरेचसे जसेच्या तसे लागू पडतात.