वास्तू, विश्वस्त आणि समाज : पुण्याच्या जैन बोर्डिंगचा लढा

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने जैन श्रावकाच्या जीवनाची शोभा मानली गेली आहेत. परगावी शिकणाऱ्या मुलास अन्न, निवारा आणि विद्या एकाच छताखाली मिळावी, या उदात्त भावनेतून विसाव्या शतकाच्या प्रारंभी महाराष्ट्रात जैन बोर्डिंगांची परंपरा रुजली. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी या कार्यास मोठी चालना दिली. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने तेच कार्य पुढे नेले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील हेही विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगात राहिले होते.

याच परंपरेतील एक मानाची वास्तू म्हणजे पुण्याचे शेठ हिराचंद नेमचंद जैन दिगंबर बोर्डिंग. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी हे ‘जैन बोधक’ या नियतकालिकाचे संस्थापक व समाजसुधारक. जहाज, विमान आणि मोटार या उद्योगांचा भारतात पाया घालणारे वालचंद हिराचंद हे त्यांचे सुपुत्र. शेठजींच्या स्मरणार्थ १९५८ मध्ये शिवाजीनगरच्या मॉडेल कॉलनीत सुमारे साडेतीन एकर जागेवर हे बोर्डिंग उभे राहिले. त्याच वर्षी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली, यावरून उच्च शिक्षणासाठी दूर जाणे त्या काळी किती अपरिहार्य होते याची कल्पना येते. आवारात भगवान महावीरांचे जिनमंदिर असल्याने येथे अध्ययन आणि आराधना बरोबरच चालत.

काळ बदलला. पुणे शहर वाढले, जमिनीचे मोल आकाशाला भिडले. इमारती जुन्या झाल्या, दुरुस्तीचा खर्च वाढला. पुनर्विकासाचे कारण पुढे करून ही मालमत्ता विकण्याचा प्रस्ताव विश्वस्तांनी मांडला. त्यास एप्रिल २०२५ मध्ये धर्मादाय आयुक्तांची परवानगी मिळाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एका बांधकाम संस्थेशी विक्रीचा व्यवहार झाला. जुनी वास्तू पाडली जाणार आणि ज्या हेतूने दान दिले गेले तो हेतूच लोप पावणार, या जाणिवेने समाज हादरला.

विरोधासाठी प्रथम उभे राहिले ते तेथे राहिलेले आजी-माजी विद्यार्थी. पाठोपाठ मुनिमहाराजांचे मार्गदर्शन लाभले. दिगंबर-श्वेतांबर हा भेद बाजूस ठेवून श्रावक-श्राविका रस्त्यावर उतरल्या. मात्र हा लढा केवळ मोर्चावर थांबला नाही, हे विशेष. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ अन्वये न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. तसेच महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून परवानगी मिळविली असल्यास ती रद्द करण्याची तरतूदही याच कलमात आहे. आवारातील जिनमंदिराचा प्रश्न त्यामुळे कळीचा ठरला. ज्या जागेत देवाची प्रतिष्ठापना झाली आहे ती विकाऊ भूखंड कशी होईल, हा आक्षेप भावनेचा होता, तसाच कायद्याचाही होता.

धर्मादाय आयुक्तांनी प्रथम ‘जैसे थे’ आदेश दिला. बांधकाम संस्थेने व्यवहारातून माघार घेतली. अखेर ३० ऑक्टोबर २०२५ रोजी एप्रिलमधील परवानगी रद्द झाली.

हिंगोली जिल्ह्यातील श्रावकांना या घटनेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. शिरड शहापूरच्या अतिशय क्षेत्रावरील भगवान मल्लिनाथांची मूर्ती पूर्वी अर्धापुरी होती आणि संकटकाळी बैलगाडीतून शिरड शहापुरी आली, ही कथा येथे पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने सांगितली जाते. मूर्ती गाडीत ठेवून सुरक्षित स्थळी नेता आली. बोर्डिंग, धर्मशाळा, पाठशाळा यांना गाडीत घालून नेता येत नाही. जागा गेली की संस्था गेली.

जुन्या वास्तू ढासळतात, हे खरे. त्यांची डागडुजी करावी लागते, प्रसंगी नवी बांधणीही करावी लागते. तो निर्णय मात्र सर्वांसमक्ष व्हावा. पुण्यातील व्यवहार समाजाच्या ध्यानी आला तेव्हा परवानगी हाती पडून महिने लोटले होते. वेळीच माहिती मिळाली असती तर एवढी धावपळ करावी लागली नसती. न्यासाची नोंदवही, जागेचा उतारा, वार्षिक हिशेब, मंदिराची स्वतंत्र नोंद आणि सभांचे इतिवृत्त हे कागद कपाटात बंद राहिले की संकट दारी येईपर्यंत कोणास कळत नाही.

विश्वस्त हा मालमत्तेचा राखणदार असतो. दात्याने एकदा ‘माझे’पण सोडून दिलेली वस्तू पुन्हा कोणाचीच ‘माझी’ होत नाही, हा अपरिग्रहाचा सरळ अर्थ आहे. पन्नास वर्षे न्यासाची धुरा वाहणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. ते फेडण्याचा मार्ग एकच : प्रत्येक सभासदाने वार्षिक सभेस यावे, हिशेब पाहावा, शंका असेल तर विनयाने विचारावी. पुण्याचे बोर्डिंग वाचले ते समाज जागा झाला म्हणून. आपल्या वास्तूंसाठी समाजाने जागेच राहावे.